भुवया घरच्या घरी : सत्तर रुपयांचा एक प्रयोग

पुस्तकात आपण ‘भुवया’ लिहितो, आमच्या सासूबाई ‘भिवया’ म्हणतात आणि बाजारात, एस.टी. स्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये सर्रास ‘आयब्रो’ चालतं. लग्नाची पत्रिका आली, चैत्रातलं हळदीकुंकू आलं, शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं की बायका एकमेकींना हळूच विचारतात, "आयब्रो केल्यास का गं?" आता ह्याला चैन म्हणावं का? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कदाचित म्हणत असतील. आज रत्नागिरीसारख्या गावात मारुती मंदिरापासून खाली राम आळीपर्यंत चालत गेलं तर वाटेत ब्यूटी पार्लरच्या पाट्या मोजाव्या लागतात. भाजीवाली, नर्सबाई, बँकेतली कॅशियर सगळ्याच जणी तिथे भेटतात.

पण मैत्रिणींनो, हिशेब लिहायची सवय असलेल्या बाईला ह्या खर्चाची बेरीज दिसतेच. आमच्याकडे दोरा फिरवायचे पन्नास रुपये. जाता-येता रिक्षाचे साठ. भुवयांचे केस दर तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढतात, म्हणजे वर्षातून तेरा-चौदा फेऱ्या. झाले ना दीड हजाराच्या घरात! मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी पडली तर नाही. मे महिन्यात आंबे येतात, पाहुणे येतात, मानधन मात्र येत नाही, आणि नेमकी लग्नं असतात ती मे महिन्यातच. भुवयांसाठी ‘ह्यांच्या’कडे पैसे मागायला मला आवडत नाही. ते नाही म्हणत नाहीत, पण "परवाच तर केल्या होत्यास" असं म्हणतात. पुरुषांचं ‘परवा’ म्हणजे केव्हाही असतं.

घरच्या घरी भुवया करण्याची कल्पना काही माझी एकटीची नाही. 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली तेव्हा महाराष्ट्रातली सगळी पार्लरं बंद झाली, ती 28 जूनला उघडली. तेव्हासुद्धा सरकारनं सुरुवातीला केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच परवानगी दिली होती, चेहऱ्याच्या बाकीच्या उपचारांना नाही. म्हणजे बघा, थ्रेडिंग हे सरकारदरबारीसुद्धा केस कापण्याच्या बरोबरीला, गरजेच्या यादीत बसलं! त्या तीन महिन्यांत कितीतरी घरांत आई लेकीच्या आणि लेक आईच्या भुवया करू लागली. कुणी चिमटा घेतला, कुणी शिवणाच्या डब्यातला दोरा. आमच्या जिल्ह्याला त्यातच 3 जूनला निसर्ग वादळाचा तडाखा बसला, दापोली-मंडणगडकडे तर घरांवर छप्परं राहिली नाहीत, तिकडच्या बायकांना भुवया कुठल्या सुचायला! पण पुढे पार्लरं उघडल्यावरही घरी करण्याची सवय पुष्कळजणींनी सोडली नाही, हे खरं.

तर मीही गेल्या वर्षी आषाढात एक पाकीट आणलं. राम आळीत टिकल्या-बांगड्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोरच टांगलेलं असतं. सत्तर रुपयांना तीन नग. वस्तू अगदी साधी. पेन्सिलीएवढी प्लॅस्टिकची दांडी, तिच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढं अरुंद पातं, पात्याच्या धारेवर बारीक दात्यांची जाळी आणि वर टोपण. दुकानदार ह्याला ‘आयब्रो रेझर’ म्हणतो. सासूबाईंनी टोपण काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वस्तराच की गो! भिवया भादरणार तू?" शब्द कानाला कसा लागला सांगू! पण म्हणणं अगदी चूक नव्हतं. हे वस्तऱ्याचंच नाजूक भावंड आहे, आणि वस्तरा काय करतो नि दोरा काय करतो हे नीट समजून घेतलं तरच त्याचा उपयोग.

दोरा किंवा चिमटा केस मुळापासून उपटतो. म्हणून दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, शिंका येतात, पण जागा तीन-चार आठवडे स्वच्छ राहते. पातं मात्र केस त्वचेच्या बरोबरीनं कापतं. मूळ आत जसंच्या तसं. म्हणून दुखत नाही, आणि म्हणूनच चार-सहा दिवसांत बोटाला खरखर लागते. "ब्लेड लावलंस तर राठ दाट केस येतील हो!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. मीही ऐकत आले. पण ह्याची तपासणी फार पूर्वी झालेली आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली दाढीच्या केसांचा अभ्यास करून दाखवलं की वस्तरा फिरवल्यानं केस जाड होत नाही, त्याचा रंग बदलत नाही आणि वाढीचा वेगही वाढत नाही. मग राठ का लागतो? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. गवत विळ्यानं कापल्यावर पायाला टोचतं ना, तसंच. विळ्यानं गवताची जात बदलत नाही.

उलट, वर्षानुवर्षं एकाच जागचे केस उपटत राहिलं तर मुळाला इजा होऊन ते कायमचे विरळ होऊ शकतात. ज्यांनी तरुणपणी हौसेनं भुवया दोऱ्याएवढ्या बारीक करून घेतल्या, त्यांतल्या काहीजणींना पुढे पेन्सिलीनं भुवई काढत बसावं लागतं ते ह्यामुळेच.

आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून इथेच सांगते. डोक्याचा एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी गुडघ्यापर्यंत जाऊ शकते. भुवईचा केस जेमतेम महिना-दोन महिने वाढतो, मग थांबतो, गळतो आणि नवीन येतो. हा सगळा फेरा साधारण चार महिन्यांचा. म्हणून भुवयांची वेणी घालावी लागत नाही, आणि म्हणूनच भुवईचा आकार कुणी बिघडवला तरी तीन-चार महिन्यांत ती पुन्हा भरून येते. येत नसेल तर मात्र कारण दुसरीकडे शोधावं.

आता प्रत्यक्ष कृती. वेळ सकाळची निवडावी, घरातली मंडळी बाहेर पडल्यावरची. ट्यूबच्या उजेडात एका भुवईवर सावली पडते आणि दोन्ही सारख्या होत नाहीत, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसावं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, तेव्हा पाऊस जरा उघडल्याची वेळ साधावी. आरसा हातात धरायचा नाही, एक हात त्वचा ताणायला लागतो. डब्याला टेकवून उभा करावा, आणि तोही हातभर लांब. अगदी नाकाजवळ आरसा घेतला की एकेक केस दिसतो पण चेहरा दिसत नाही, आणि भुवई तर चेहऱ्याला शोभायला हवी.

तोंड धुऊन, टिपून कोरडं करावं. आधी आकार ठरवायचा, मग पात्याचं टोपण काढायचं. त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पेन्सिल घ्या. ती नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला सरळ उभी धरा. जिथे ती भुवईला लागते तिथे भुवईची सुरुवात असावी. तेच टोक नाकपुडीशी ठेवून पेन्सिल तिरपी करत बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून न्या, तिथे कमानीचा उंच भाग. आणखी तिरपी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेवट सापडतो. ह्या तीन जागी पांढऱ्या खडूची किंवा काजळाची बारीक टिंबं द्यावीत. मी फळ्यासमोर आयुष्य घालवते, म्हणून मला खडू जवळचा, पण काजळ पुसायला सोपं.

मग स्वच्छ धुतलेला जुना टूथब्रश घेऊन भुवईचे केस वरच्या दिशेनं विंचरायचे. जे फार लांब होऊन रेषेच्या वर डोकावतात त्यांची टोकं छोट्या कात्रीनं कापावीत. पुष्कळ वेळा एवढ्यानंच अर्धं काम होतं. त्यानंतर डाव्या हाताच्या बोटांनी कपाळाकडची त्वचा किंचित वर ताणून धरायची, पातं त्वचेला पंचेचाळीस अंशांत तिरपं लावायचं, आणि केस ज्या दिशेला झुकतात त्याच दिशेनं तांदळाएवढे बारीक फटकारे मारायचे. दाब द्यायचा नाही. पातं आडवं सरकवायचं नाही, नाहीतर त्वचा चिरते. काढायचे ते दोन भुवयांच्या मधले आणि खालच्या रेषेबाहेरचे. वरच्या रेषेला हात लावू नये असं माझं मत, कारण वरची रेष गेली की डोळ्यांचा भावच बदलतो, बाई सदा दचकल्यासारखी दिसते. दोन-चार फटकारे इकडे, दोन-चार तिकडे, मग मागे सरून पाहायचं. एक भुवई पुरी करून मग दुसरीला हात घातला तर दुसरीची बरोबरी साधता साधता दोन्ही बारीक होत जातात. आणि दोन्ही भुवया जन्मतःच तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये.

शेवटी गार पाण्यानं धुऊन अंगणातल्या कोरफडीचा गर किंवा थोडं खोबरेल लावलं की झालं. कोरफड लावण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, काहींना तिनंच खाज येते. एकंदर वीस मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला बारा.

गुण किती द्यायचे? पेपर तपासताना देते तसे देते. दोन भुवयांच्या मधल्या जागेला दहापैकी नऊ. कपाळावरची आणि कानशिलाजवळची लव काढायला नऊ. भुवईची खालची रेष सहा, कारण दोऱ्याची रेष जशी आखल्यासारखी येते तशी पात्यानं येत नाही, आणि आठवड्यानं पुन्हा बसावं लागतं. दुखण्याच्या विषयात मात्र पैकीच्या पैकी. ज्यांना दोरा लावताच पुरळ उठते, लाल चट्टे दोन दिवस राहतात, त्यांना हे खरोखर सुखाचं आहे.

त्याच दुकानात सेलवर चालणारी लिपस्टिकसारखी छोटी मशीनंही मिळतात, दोनशेच्या पुढे. मैत्रिणीकडचं पाहिलं. लव काढायला बरं, पण त्याचं तोंड गोल आणि रुंद, भुवईच्या कमानीत शिरत नाही. चिमटा, म्हणजे प्लकर, हा तीस-चाळीस रुपयांत मिळतो आणि चुकार एखाद-दुसऱ्या केसाला त्यासारखं दुसरं साधन नाही. फक्त टोकं तिरपी आणि एकमेकांवर घट्ट बसणारी पाहून घ्यावा. उजेडाकडे धरून टोकांत फट दिसली तर तो केस तोडतो, उपटत नाही. दोऱ्याचं म्हणाल तर सुती दोरा हातभर घेऊन त्याला मधे पीळ द्यायचा आणि बोटं उघडमीट करत तो पीळ सरकवायचा, त्यात केस सापडतो नि उपटला जातो. युक्ती इराणपासून आपल्याकडे सगळीकडे जुनी आहे. पण स्वतःच्या भुवईवर स्वतः दोरा फिरवणं म्हणजे स्वतःची पाठ चोळणं. शिकायचं असेल तर आधी पायाच्या लवेवर शिकावं.

स्वच्छतेचा मुद्दा मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायची रीत आहे, तोच दोरा आपल्या डोळ्याजवळ फिरतो. गर्दीच्या दिवशी हात धुवायलाही कुणाला उसंत नसते. थ्रेडिंगनंतर चेहऱ्यावर चामखिळी किंवा पाण्यासारख्या बारीक मोतीपुळ्या पसरल्याचे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय मासिकांत नोंदवलेले आहेत. दोन्ही रोग विषाणूंचे, आणि उपटताना त्वचेला ज्या सूक्ष्म जखमा होतात त्यांतून ते शिरतात. घरचं पातं ह्या बाबतीत सुरक्षित, पण एका अटीवर: ते एकीचंच असावं. मायलेकी, जावाजावा, नणंदाभावजयांनी एकच पातं वापरू नये, मग घरोबा कितीही असो. पात्याला न दिसणाऱ्या रक्तातून कावीळ बी आणि सीचे विषाणू जाऊ शकतात. पाकिटात तीन नग असतात. आम्ही दांड्यांना तीन रंगांचे दोरे बांधले आहेत.

मुरूम, पुळी, तीळ किंवा सालपटं निघत असलेल्या जागी पातं लावू नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, मधुमेहामुळे जखम लवकर भरत नसेल, किंवा मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं साल काढणारं मलम रात्री लावत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. कोड असलेल्यांनी तर उपटणं आणि घासणं दोन्ही टाळावं, कारण जिथे त्वचा दुखावते तिथे नवा पांढरा डाग उठू शकतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

गणपतीला थोरल्या जाऊबाई आल्या. त्या गावच्या घरी असतात, वय चव्वेचाळीस. माझ्या भुवया पाहून म्हणाल्या, "माझ्याही नीट करून दे. पार्लरवालीनं माझं शेपूटच कोरून काढलंय." बघते तो खरंच, दोन्ही भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा नव्हताच. तिथे त्यांनी पेन्सिल फिरवली होती. मी पेन्सिल पुसायला लावली आणि बोट फिरवून पाहिलं. खुंट नाही, खरखर नाही, बारीक लवसुद्धा नाही, तळहातासारखी गुळगुळीत जागा. विचारलं, "शेवटचं पार्लरला कधी गेला होतात?" म्हणाल्या, वैशाखात, पुतणीच्या लग्नाला. वैशाख ते भाद्रपद, चार महिने झाले! दोऱ्यानं गेलेले केस एव्हाना परत यायला हवे होते. आणि दोन्हीकडे अगदी सारखेच कसे जातील?

मी पातं टोपणात घातलं. बोलता बोलता बाकीचं बाहेर आलं. वजन वाढलंय, जेवण मात्र तेवढंच. अंग जड वाटतं. पोट साफ होत नाही. पाळी फार जाते. हाताची कातडी माशाच्या खवल्यासारखी झालीय. पावसात सगळे पंखा लावून झोपतात आणि ह्या गोधडी घेतात. घरातले म्हणायचे, चाळिशी आली, आळस वाढला. त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं. "मी आता कामाची राहिले नाही" हे त्या ज्या साधेपणानं म्हणाल्या, ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

भुवईचा बाहेरचा तिसरा भाग आपोआप विरळ होणं ही थायरॉईड ग्रंथी मंदावल्याची जुनी, डॉक्टरांना ठाऊक असलेली खूण आहे. ती प्रत्येकीत दिसतेच असं नाही, आणि दिसली म्हणजे थायरॉईडच असंही नाही. भुवईचे केस जाण्याची कारणं आणखीही आहेत. चाई पडते तेव्हा गोल चकती जाते. भुवईत कोंडा आणि खाज असेल तर केस गळतात. आणि महारोगातही भुवया झडतात. हे नाव लिहिताना हात अडखळतो, पण लपवून उपयोग नाही. सोबत त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल, गरम भांडं लागलेलं कळत नसेल, तर सरळ सरकारी दवाखाना गाठावा. औषध तिथे फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं, रोग पुरता बरा होतो. लवकर गेलं तर हातापायांना व्यंगही येत नाही.

विसर्जन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गळा चाचपला, नाडी पाहिली आणि टी.एस.एच. ही रक्ताची तपासणी लिहून दिली. चार-साडेचारच्या आत असावा तो आकडा अडतीस आला. गोळी सुरू झाली, पहाटे उठल्यावर उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. हा चहाचा नियम त्यांना गोळीपेक्षा कडू गेला! लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घ्यायच्या नाहीत, त्यांत चार तासांचं अंतर हवं, हेही डॉक्टरांनी बजावलं. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं, मात्रा वाढवली. दिवाळीत अंगातला जडपणा कमी झाल्याचं म्हणू लागल्या. भुवयांनी जरा वेळ घेतला. शिमग्याला आम्ही गावी गेलो, पालखी नाचवून झाल्यावर त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं, उजेडाकडे तोंड केलं नि म्हणाल्या, "बघ." दोन्हीकडे बारीक काळी लव उठली होती.

गावात परत आल्यावर मी ही हकीकत स्टाफरूममध्ये सांगितली तर दोघीजणी तिथल्या तिथे आरशाकडे गेल्या. एकीचं शेपूट खरंच विरळ होतं, पण ती कॉलेजात असल्यापासून तिथेच उपटत आलेली. दोन्हींतला फरक असा ओळखावा: चार महिने त्या जागेला हात लावायचा नाही. तेवढ्यात आले तर आले. न आले आणि सोबत थकवा, वजन, पाळीच्या तक्रारी असतील तर तपासणी करून घ्यावी. तोवर पेन्सिल लावायला कुणाची हरकत नाही. कालिदासानं ‘कुमारसंभवा’त पार्वतीच्या भुवयांना काजळाच्या सळईनं रेखल्यासारख्या म्हटलं आहे, तेव्हा भुवई रेखण्याची कला आपल्याकडे दोन दिवसांची नव्हे. एरंडेलाचं काय, असं हमखास विचारतात. एरंडेलानं आहेत ते केस काळेभोर चमकतात, म्हणून दाट दिसतात. गेलेली भुवई त्यानं उगवते असा पुरावा नाही.

शाळेतल्या मुलींचं सांगायचं राहिलं. आठवी-नववीत पोचल्या की जुळलेल्या भुवयांवरून वर्गात चिडवाचिडवी सुरू होते. एका मुलीनं वडिलांच्या दाढीच्या ब्लेडनं मधले केस काढायला जाऊन अर्धी भुवई घालवली आणि चार दिवस कपाळाला रुमाल बांधून वर्गात बसली. तिच्या आईला मी सांगितलं की रागावू नका, तीन-चार महिन्यांत येईल, आली सुद्धा. ह्या वयात काही करू नये असं मी म्हणत नाही. चिडवणं सोसणं सोपं नसतं. पण दाढीचं ब्लेड नको. आईनं जवळ बसवून जाळीच्या पात्यानं दोन भुवयांमधला भाग तेवढा साफ करून द्यावा, कमानीला हात लावू नये. आणि तिला काजोलचा ‘बाजीगर’ किंवा ‘दिलवाले दुल्हनिया’ दाखवावा. 1993 आणि 1995 चे हे सिनेमे, शोभना समर्थांची ही नात जवळजवळ जुळलेल्या दाट भुवया घेऊन पडद्यावर आली आणि तिच्यासमोर कुणाकडे बघावंसं वाटलं नाही. जपानात तर एके काळी उलटाच प्रकार होता. लग्न होऊन मूल झालं की बायका भुवया पार भादरून टाकत, बिनभुवयांचं कपाळ हीच संसारी बाईची खूण! 1870 साली तिथल्या सरकारनं सरदार घराण्यांत ही चाल बंद केली. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या किती वेळ हसत होत्या.

राहिली पात्याची निगा. आपल्या कोकणात हवा दमट आणि खारी, मांडवी-भाट्याकडच्या घरांत तर सुया, कात्र्या, कुलुपं सगळ्यांना तांब येते. पातं वापरल्यावर साबणाच्या पाण्यानं धुवावं, फडक्यानं पुसण्याऐवजी झटकून, वाळवून, स्पिरिटचा बोळा लावून टोपण घालावं. न्हाणीघरात ठेवू नये. मी तांदळाची पुरचुंडी घातलेल्या छोट्या डब्यात ठेवते, तांदूळ ओल ओढून घेतात. पात्यावर तपकिरी ठिपका दिसला, किंवा केस ओढल्यासारखा लागू लागला, की ते संपलं असं समजावं. साधारण सहा-सात खेपा एक पातं चालतं. टाकताना उघडं ओल्या कचऱ्यात टाकू नये, घंटागाडीवरच्या माणसांचे हात कापतात. जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, जुन्या डबीत घालून द्यावं.

पार्लर मी साफ सोडलेलं नाही. घरातलं लग्न असलं की जाते, आकार तेवढा त्यांच्याकडून नीट घेते आणि पुढचे दोन-अडीच महिने घरी राखते. वर्षाचा खर्च दीड हजारावरून सहाशेवर आला आहे, पात्याच्या पाकिटांसकट. जाताना सुती दोऱ्याचं स्वतःचं रीळ नेते, आणि टोक दातांत न धरता गळ्यात अडकवायला सांगते. पहिल्यांदा त्या बाईंना जरा राग आला होता. आता त्यांनीच काचेच्या कपाटात रिळं विकायला ठेवली आहेत, वीस रुपयांना एक.